आसनाखालचा सोबती

कुत्र्यासह आकाशमार्गानें जाण्याचा प्रश्न सर्वांत प्रथम कोणापुढें उभा राहिला असेल, तर तो धर्मराज युधिष्ठिरापुढें. महाप्रस्थानिकपर्वांतील ती कथा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. द्रौपदी पडली, भाऊ एकामागून एक पडले, आणि हिमालयाच्या वाटेवर शेवटीं बरोबर उरलें तें एक कुत्रें. इंद्र रथ घेऊन आला. धर्मराजाला बैस म्हणाला. पण कुत्र्याला स्वर्गांत जागा नाहीं असें त्यानें बजावलें. पुढें काय झालें तें सांगण्याचें कारण नाहीं. मला त्या कथेंत नेहमीं एक गोष्ट जाणवते. इंद्रानें कुत्र्याचें वजन विचारलें नाहीं. त्याची हरकत धर्मशास्त्राची होती, आणि धर्मशास्त्राच्या हरकतीला धर्मराजापाशीं उत्तर होतें. आजकालच्या विमान-कंपन्यांची हरकत किलोग्रॅमांत असते, आणि तिच्यापुढें कितीही मोठा धर्मात्मा निरुत्तर होईल.

आमच्या घरांत हा प्रश्न निघाला तो २०२३ सालच्या दिवाळीनंतर. नारायण पेठेंतील आमचा वाडा पाडून तेथें इमारत उठवावयाचें नक्की झालें. सह्या झाल्या, आणि एका चुलीवर जेवणारें घर तीन ठिकाणीं पांगणार हें उघड झालें. दादा व वहिनी कोथरुडास भाड्याच्या जागेंत जाणार, आम्ही सिंहगड रस्त्यावर, आणि माईआत्यानें इमारत पुरी होईपर्यंत धाकट्या भावाकडे दिल्लीस राहावें, असें सर्वानुमतें ठरलें. सर्वानुमतें म्हणजे माईआत्याखेरीज सर्वांच्या मतें. माईआत्या तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिशींतच वैधव्य येऊन ती माहेरीं परत आली, आणि शाळेंत संस्कृत शिकवून मिळणाऱ्या पगारांतून तिनें आम्हां भावंडांच्या शिक्षणाला हातभार लावला. तिला विचारलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "मला कोठेंही न्या. अठ्ठेचाळीस वर्षें या वाड्यांत काढलीं. आतां सगळ्या जागा मला सारख्याच. पण ठकी बरोबर असली पाहिजे."

ठकी म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात त्या जातीची पांढरी कुत्री. जाणकार या जातीला इंडियन स्पिट्झ म्हणतात. खऱ्या पामेरियनहून ती थोराड आणि आपल्या उष्ण हवेला सरावलेली असते. लहान चणीच्या स्पिट्झचें वजन पांच ते सात किलो भरतें. अकरा वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें तिला घरीं आणलें तेव्हां सर्वांत मोठा विरोध माईआत्याचाच होता. आमच्या जुन्या घरांतून कुत्र्याला स्थान नव्हतें असें नाहीं. वैश्वदेवाच्या वेळीं त्याच्या नांवाचा भात बाहेर ठेवला जाई. दत्ताच्या तसबिरींत चार कुत्रीं असत. परंतु त्याची जागा ओटीच्या खालीं. उंबरठ्याच्या आंत वावरणारें कुत्रें हा अलीकडचा प्रकार, आणि सोंवळें पाळणाऱ्या बाईला तो रुचावा कसा? पहिलीं दोन वर्षें माईआत्यानें तिला नांवानें हांक मारली नाहीं. पुढें पुतण्या शिकावयास परगांवीं गेला, आम्ही सर्व कामावर जाणारीं, आणि सकाळीं दहापासून संध्याकाळीं सहापर्यंत त्या एवढ्या मोठ्या वाड्यांत दोघीच उरल्या. त्या अवधींत दोघींमध्यें काय तह झाला तें कोणास कळलें नाहीं. ठकी देवघराच्या उंबऱ्याशीं येऊन थबके, पुढें पाऊल टाकीत नसे. दिवेलागणीला रामरक्षा सुरू झाली कीं उंबऱ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटी. आणि माईआत्या रात्रीं उठली तर न भुंकतां तिच्या मागोमाग न्हाणीघरापर्यंत जाई. एकदां माईआत्या तेथें पाय घसरून पडली तेव्हां आम्हांला जागें करणारी ठकीच होती.

तरीहि घरांत दोन मतें होतीं. शेजारच्या वाड्यांतील एक कुटुंब ठकीला ठेवून घेण्यास तयार होतें, आणि दादांचें बोलणें व्यवहाराला सोडून नव्हतें. अकरा वर्षांचें कुत्रें. त्याचें आयुष्य तें किती उरलें? त्याच्यासाठीं एवढा खर्च व एवढी धडपड कां करावी? यावर वहिनींनीं स्वयंपाकघरांतूनच विचारलें, "आत्याबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर आहे. हाच हिशेब पुढें चालवायचा का?" दादांनीं वर्तमानपत्र उघडलें व तो विषय तेथेंच संपला.

प्रथम आगगाडीचा विचार झाला. रेल्वेच्या पहिल्या वर्गांत कुत्रें नेतां येतें. पण त्यासाठीं दोघांचा कूपे किंवा चौघांचा कप्पा सबंध आपल्याकडे असावा लागतो, आणि तो मिळाला कीं नाहीं हें गाडी सुटण्याच्या कांहीं तास आधीं यादी लागते तेव्हां कळतें. न मिळाल्यास कुत्र्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पेटींत. पुण्याहून दिल्ली म्हणजे जवळजवळ एक अहोरात्र. तेवढा वेळ माईआत्या वरच्या वर्गाच्या गादीवर आणि ठकी त्या पेटींत, ही कल्पनाच कोणाला सोसेना.

विमानाच्या पोटांत, मालाच्या कप्प्यांतूनही कुत्रीं नेतात. तो कप्पा म्हणजे हवा नसलेली थंडगार पोकळी, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः जेथें प्राणी ठेवतात तेथेंही हवेचा दाब माणसांच्या भागाइतकाच राखलेला असतो. धोका असतो तो बहुधा जमिनीवर: तापलेल्या फरशीवर पिंजरा तिष्ठत राहणें, यंत्रांचा गोंगाट, अनोळखी हात. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम सुटत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य मार्ग. म्हणून पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींची स्थिति सर्वांत बिकट. त्यांचा श्वासमार्गच आंखूड व अरुंद. उकाडा आणि भीति एकत्र आलीं कीं तो पुरा पडत नाहीं. कित्येक कंपन्या त्यांना मालाच्या कप्प्यांत घेतच नाहींत, आणि हें त्या योग्यच करतात. (मनुष्यानें आपल्या हौसेखातर एखाद्या प्राण्याचें नाक पिढ्यानुपिढ्या आंत दाबीत न्यावें आणि मग त्याला श्वास घेतां येत नाहीं म्हणून हळहळावें, हा प्रकार मला कधींच समजला नाहीं.) ठकीचें नाक चांगलें लांब होतें, परंतु तिच्या हृदयांत पशुवैद्य बाईंना एक बारीकसा जादा आवाज ऐकूं आला होता. तेव्हां तीहि वाट मिटली.

राहिलें तें माणसांच्या शेजारीं, आसनाखालीं नेणें. एअर इंडियांत ही सोय पूर्वींपासून होती. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत अकासा एअर या नव्या कंपनीनें ती सुरू केली, आरंभीं पिशवीसह सात किलोपर्यंत व पुढें दहा किलोपर्यंत. नियम कंपनीगणिक निराळे, आणि तेही बदलतात; म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं प्रत्यक्ष चौकशी करणें बरें. साधारणपणें लागतें तें असें: रेबीजची लस टोचल्याचा दाखला; कुत्रें प्रवासास योग्य आहे असें पशुवैद्याचें ताजें प्रमाणपत्र; आणि हवा खेळती राहील पण ओल बाहेर झिरपणार नाहीं अशी मऊ पिशवी. ही पिशवी पुढच्या आसनाखालीं सरकली पाहिजे, आणि प्रवासभर कुत्र्यानें तिच्या आंतच राहिलें पाहिजे. एका विमानांत असे प्राणी किती घ्यावयाचे यालाही मर्यादा असते. इतकें सर्व होऊन विमानाच्या कप्तानाची संमति हवीच. आम्ही ज्या कंपनीचें तिकीट काढलें तिची मर्यादा पिशवीसह सात किलो होती. ठकीचें भाडें ऐकून दादांनीं पुन्हां वर्तमानपत्र उघडलें.

आतां वजन. ठकी कांट्यावर क्षणभरही उभी राहीना. म्हणून वहिनी आधीं एकट्या व मग ठकीला कडेवर घेऊन, अशा दोनदां कांट्यावर उभ्या राहिल्या आणि वजाबाकी केली. (पहिला आंकडा कोणीं मोठ्यानें वाचूं नये, अशी त्यांची अट होती.) ठकी सहा किलो चारशें ग्रॅम, पिशवी नऊशें ग्रॅम, एकंदर सात किलो तीनशें. तीनशें ग्रॅम ही वाण्याच्या दुकानांत क्षुल्लक गोष्ट. पण ठकीच्या देहांतून ती उतरवावयाची म्हणजे तिच्या वजनाचा सुमारें विसावा भाग उतरवावयाचा. साठ किलोच्या माणसाला दीड महिन्यांत तीन किलो उतरवण्यास सांगावें, तसें हें होतें.

हें वजन कोठून आलें याचा शोध फार दूर घ्यावा लागला नाहीं. रोज दुपारीं माईआत्याच्या ताटांतील चतकोर पोळी ठकीला मिळे, आणि ती कोरडी नसे. पशुवैद्य बाईंनीं तूप बंद करावयास सांगितलें तेव्हां माईआत्यानें नामदेवांची साक्ष काढली. कुत्रें पोळी घेऊन पळालें तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले; आणि तुम्ही मला वाटी झांकून ठेवावयास सांगतां! बाई मुळच्या पंढरपूरकडच्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "आजी, नामदेवांच्या त्या कुत्र्याला विमानानें जायचें नव्हतें." माईआत्या हंसली, आणि तिनें तूप बंद केलें, तें दोघींचें. "तिला कोरडी पोळी घालून मी तूप कसें खाऊं?" तिचे डॉक्टर हीच गोष्ट तिला दहा वर्षें विनवीत होते. ठकीला तुपाच्या पोळीऐवजीं उकडलेला दुध्या आणि गाजराचे तुकडे मिळूं लागले. पहिले चार दिवस तिनें ते पायानें दूर सारले. पांचव्या दिवशीं खाल्ले.

पिशवीचा सरावही याच काळांत झाला. नवी वस्तु प्रवासाच्या दिवशींच पुढें आणली तर कुत्र्याला ती सांपळ्यासारखी वाटते. म्हणून दीड महिना आधीं पिशवी माजघरांत उघडी ठेवली, आणि तिच्यांत माईआत्याच्या जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी घातली. वासावरून ठकीनें ती जागा आपली मानली. मग खाणें तेथेंच. मग दहा मिनिटें झांकण बंद. मग अर्धा तास. मग पिशवी रिक्षांत ठेवून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फेरी. हें सर्व काम माझ्या पत्नीनें केलें, आणि मुलांना शिस्त लावतांना तिनें इतकी सबुरी कधीं दाखविल्याचें मला स्मरत नाहीं.

ठकीच्या हृदयाची काळजी मात्र खरी होती. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातें, परंतु आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असतो तेवढाच राखलेला असतो. आपल्या कळसूबाईचें शिखर सुमारें पांच हजार चारशें फूट. म्हणजे विमानांत बसलेला प्रत्येक जण, एक पाऊलही न चढतां, कळसूबाईहून उंच जागीं दोन तास बसलेला असतो. निरोगी माणसाच्या हें ध्यानांतही येत नाहीं; दुबळ्या हृदयाला व फुप्फुसाला मात्र तेवढा प्राणवायु कमी मिळतो. बाईंनीं ठकीची छाती दोनदां तपासली, चित्र काढविलें, आणि दोन तासांचा प्रवास तिला सोसेल असा निर्वाळा दिला. दादांनीं विचारलें, गुंगीचें औषध देऊन निजवलें तर? त्यांनीं साफ नकार दिला. अशा औषधांनीं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो. आणि उंचीवरच्या विरळ हवेंत हें सर्व अधिकच धोक्याचें होतें. अमेरिकेंतील पशुवैद्यांची संघटनाही प्रवासांत अशीं औषधें सहसा देऊं नयेत असेंच सांगते. त्यापेक्षां प्रवासापूर्वीं चार-सहा तास पोट रिकामें ठेवावें, पाणी थोडेंथोडें द्यावें, निघण्यापूर्वीं चांगलें फिरवून आणावें, आणि ओळखीच्या वासाची एखादी वस्तु जवळ ठेवावी.

या सूचना मी घरीं वाचून दाखविल्या. माईआत्यानें त्या लक्षपूर्वक ऐकल्या व विचारलें, "हें सगळें तिला कीं मला?" तेव्हां आम्हां सर्वांच्या ध्यानांत आलें कीं माईआत्याही जन्मांत प्रथमच विमानांत बसणार होती. दीड महिना घरांतील आठ माणसें ठकीच्या तयारींत गुंतलीं होतीं. दुसऱ्याच दिवशीं वहिनी माईआत्याला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेल्या.

परदेशांतून हा प्रकार पुष्कळ जुना आहे, आणि तेथें त्याचे अतिरेकही झाले आहेत. अमेरिकेंत कांहीं वर्षें मानसिक आधार देणारा प्राणी म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणली कीं तो भाडें न देतां विमानांत नेतां येई. त्या सवलतीचा लोकांनीं असा फायदा घेतला कीं २०१८ च्या जानेवारींत न्यूअर्कच्या विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आली. कंपनीनें त्याला घेतलें नाहीं. २०२० च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें नियम बदलला. आतां शिकविलेल्या मदतनीस कुत्र्यांखेरीज इतर प्राण्यांना ती सवलत देण्याचें बंधन कंपन्यांवर उरलेलें नाहीं. मोराची गोष्ट हंसण्यासारखी. पण त्याच वर्षीं मार्च महिन्यांत ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानांत एका कुटुंबाला आपल्या फ्रेंच बुलडॉगच्या पिल्लाची पिशवी डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यांत ठेवावयास लावली, आणि विमान उतरलें तेव्हां पिल्लू मेलेलें होतें. ही बातमी मीं घरांत सांगितली नाहीं. स्वतः मात्र मनाशीं गांठ बांधली कीं पिशवी आसनाखालून हलवावयास कोणीं सांगितलें तर विमानांतून उतरावें, पण ऐकूं नये.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा कुटुंबांतून हल्लीं कुत्र्यालाही तिकडे नेण्याचे बेत ऐकूं येतात. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं तें काम पंधरा दिवसांत होणारें नाहीं. हिंदुस्थानांतून युरोपीय संघाच्या देशांत कुत्रें न्यावयाचें तर त्याच्या कातडीखालीं ओळखीची सूक्ष्म पट्टी बसवावी लागते, मग रेबीजची लस, लसीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्ताची तपासणी, आणि रक्त काढल्या दिवसापासून पुढें तीन महिने थांबावें लागतें. इंग्लंडांत तर मदतनीस कुत्र्यांखेरीज कोणतेंही कुत्रें विमानांत माणसांबरोबर बसून उतरूं शकत नाहीं. तेथें तें मालाच्या वाटेनेंच आलें पाहिजे. हा नियम ऐकून माईआत्या म्हणाली, "दीडशें वर्षें आपल्याला त्यांच्या दारावर उभें केलें, आतां कुत्र्यांना करतात." इतिहासाच्या दृष्टीनें हें विधान कितपत बरोबर आहे हें मी सांगूं शकत नाहीं.

आणखी एक गोष्ट या निमित्तानें माझ्या वाचनांत आली. १९५७ सालच्या ३ नोव्हेंबरला रशियानें अंतराळांत पाठविलेली लायका अवघी पांच-सहा किलो वजनाची होती. परत आणण्याची कांहींच योजना नसलेल्या यानांत तिला बसविलें गेलें, आणि उष्णतेमुळें ती कांहीं तासांतच मेली, हें जगाला कळावयास २००२ साल उजाडलें. मोजमापानें पाहिलें तर तिला आज कोणत्याही आसनाखालीं जागा मिळाली असती.

प्रवासाचा दिवस २०२४ च्या फेब्रुवारींतला. दिल्लींत थंडी ओसरलेली पण उन्हाळा लागलेला नाहीं, असा महिना मुद्दाम निवडला होता. पहांटे ठकीला नदीकांठीं फिरवून आणलें. निघतांना माईआत्यानें देवघराच्या रिकाम्या कोनाड्याला हात लावला, उंबऱ्यावर पाणी घातलें, आणि मागें न पाहतां ती गाडींत बसली. ठकी मात्र गाडी वळेपर्यंत मागच्या कांचेंतून पाहात होती.

विमानतळावरील खिडकीशीं आमची सर्वांची छाती धडधडत होती. पिशवी कांट्यावर ठेवली. आंकडे सात किलो दोनशेंपर्यंत चढले, कारण ठकी आंत वळून बसत होती. मग उतरले, आणि सहा किलो नऊशेंवर स्थिरावले. तेथील तरुण कारकुनानें कागद तपासले, एका हमीपत्रावर माझी सही घेतली, आणि वांकून ठकीला विचारलें, "काय, खिडकी हवी का?" त्या एका वाक्यासाठीं मीं त्याला मनांतून शंभर आशीर्वाद दिले. पुढें तपासणीच्या जागीं पिशवी यंत्रांतून गेली आणि ठकीला बाहेर काढून हातावर न्यावें लागलें. माईआत्या चाकांच्या खुर्चींत. तिच्या मांडीवर ठकी. पडद्याआड शिपाईबाईंनीं आधीं माईआत्याला व मग ठकीच्या गळपट्ट्याला हात लावून पाहिलें. दोघींनीं सारख्याच गंभीरपणें तें सोसलें.

आमची रांग शेवटची. खिडकीशीं माईआत्या, मधें मी, आणि कडेला एक तरुण गृहस्थ येऊन बसले. पिशवीकडे लक्ष जातांच ते अवघडले, आणि फार सौजन्यानें म्हणाले कीं, आपल्याला कुत्र्याजवळ दम्याचा त्रास होतो. कित्येकांना वाटतें कीं केंस न गळणारें कुत्रें असलें म्हणजे झालें. पण त्रास देणारें द्रव्य लाळेंत व कातडीच्या कोंड्यांत असतें. विमानांतील गाळण्या हवा पुष्कळ स्वच्छ करतात. पण हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग? मीं विमानसेविकेला बोलावलें. तिनें त्यांना आठ-दहा रांगा पुढें जागा दिली. जागा नसती तर काय झालें असतें, हा प्रश्न माझ्या मनांत पुष्कळ वेळ घोळत राहिला. माझें स्पष्ट मत आहे कीं अशा वेळीं उतरावयाचें तें कुत्रेंवाल्यानें. श्वासाचा हक्क सोबतीच्या हक्कापेक्षां मोठा. माईआत्यालाही तें पटलें असतें कीं नाहीं, हें विचारण्याचा धीर मला झाला नाहीं. तिनें आपल्या हातपिशवींतून तिळाच्या दोन वड्या काढून त्या गृहस्थांकडे पाठविल्या. रथसप्तमीच्या त्या वड्या होत्या.

विमान धांवूं लागलें तशी पिशवी थरथरूं लागली. मनुष्याच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचें ऐकूं येत नाहीं. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक येतें. आपल्याला जो आवाज एकसुरी घरघर वाटतो त्यांत त्याला काय काय ऐकूं येत असेल! ठकी बारीक आवाजांत कण्हूं लागली. पिशवी उघडण्याची परवानगी नव्हती, आणि माईआत्याचे गुडघे तिला खालीं वांकूं देत नव्हते. तिनें चप्पल काढली, पाऊल पिशवीच्या जाळीला टेकविलें, डोळे मिटले, आणि हलक्या आवाजांत रामरक्षा म्हणावयास आरंभ केला. सकाळचे साडेआठ वाजले होते. तिची ती वेळ नव्हे. पहिल्या कांहीं श्लोकांपर्यंत फरक पडला नाहीं. नंतर कण्हणें थांबलें. मीं वांकून पाहिलें तों ठकीनें जाळीच्या आंतून त्या पावलावर हनुवटी टेकविली होती. तिला आवाज ऐकूं आला, कीं पावलाची ऊब पुरली, हें मी सांगूं शकत नाहीं. स्तोत्र संपलें तरी माईआत्यानें पाय हलविला नाहीं. उतरतांना त्याला मुंग्या आल्या होत्या.

विमान खालीं येऊं लागलें तेव्हां माईआत्याचे कान दुखूं लागले. मीं तिला खडीसाखर चघळावयास दिली. गिळण्यानें कानांतील दाब सारखा होतो. ठकीला खडीसाखर देण्याचें कारण पडलें नाहीं. तिनें तीन मोठ्या जांभया दिल्या, आणि जांभईनेंही तेंच काम होतें.

दिल्लीस भाऊ घ्यावयास आला होता. बाहेर येतांच ठकीला पहिल्या झाडापाशीं नेलें. मग तिनें वाटीभर पाणी प्यालें. माईआत्या खुर्चींतून उठली, भावाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "वाळलास रे," आणि चहा कोठें मिळेल तें तिनें विचारलें.

इमारतीचें काम अजून चाललें आहे. दोघी तेथें रुळल्या आहेत. उन्हाळ्यांत ठकी दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पडून असते, आणि माईआत्या तेथेंच दाराशीं खुर्ची टाकून वाचीत बसते. गेल्या महिन्यांत भावाचा फोन आला. त्यानें नवा कांटा आणून दोघींचें वजन केलें. माईआत्याचें दोन किलोंनीं उतरलें आहे आणि ठकीचें सहा किलो सातशें झालें आहे. मीं तुपाविषयीं विचारलें. तो म्हणाला, "आत्या कोरडीच पोळी खाते. दुसऱ्या ताटाचें मीं विचारलें नाहीं."